लक्षणं लिहा, कृती नको!

मराठी गोष्टीत एखाद्या पात्राला विष देऊन मारायचं असेल तर साहित्य फार थोडं लागतं. दुधाचा पेला, कागदाची पुडी आणि इस्टेटीवर डोळा ठेवून बसलेला एक काका. पेला ओठाला लागतो, पात्र गळा धरतं, तोंडाला फेस येतो, ‘तू... तू...’ एवढं म्हणून मान टाकतं. खुन्याचं नाव मात्र अर्धवटच राहतं! एकूण वेळ अर्धं मिनिट. विष कोणतं? तर ‘जालीम’. आणलं कुठून? ‘एका दुर्मिळ वनस्पतीपासून.’ झालं संशोधन!

मित्रांनो, याला आपल्या भाषेत मागच्या बॅचच्या जर्नलवरून रीडिंग्ज उतरवणे म्हणतात. एका लेखकाने सिनेमातून घेतलं, दुसऱ्याने त्याच्याकडून घेतलं, आणि मूळ प्रयोग कुणीच केलेला नाही. (इथे प्रयोग करू नये हेच बरं, पण निदान पुस्तक तरी उघडावं!) माझं म्हणणं दोन भागांत आहे. एक, गोष्ट लिहिणाऱ्याने विषारी झाडांचा अभ्यास करावा, अगदी सबमिशनच्या आदल्या रात्री करतो त्यापेक्षा मन लावून. आणि दोन, अभ्यासातलं काय कागदावर आणायचं आणि काय स्वतःजवळ ठेवायचं, याचाही तेवढाच विचार करावा.

अभ्यास म्हटला की अगाथा ख्रिस्तीचं नाव घ्यावंच लागतं. पहिल्या महायुद्धात ही बाई इंग्लंडमध्ये टॉर्की गावच्या हॉस्पिटलात आधी नर्सिंग करत होती, नंतर तिथल्या औषधांच्या विभागात आली. १९१७ साली तिने त्या कामाची परीक्षाही दिली. रोज तराजूत औषधं तोलायची, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आणि एवढीशी चूक झाली तर काय होईल याची धास्ती घ्यायची. १९२० साली तिची पहिली कादंबरी आली, त्यात विष होतं स्ट्रिक्निन. औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने त्यातल्या अचूकपणाचं कौतुक केलं. रहस्यकथेला याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं? पुढे १९५३ च्या एका कादंबरीत तिने यू नावाच्या झाडाचं विष वापरलं. हे झाड इंग्लंडमधल्या चर्चच्या आवारात सर्रास असतं. म्हणजे ‘दुर्मिळ वनस्पती’ वगैरे काही नाही, रोज जिच्याजवळून जातो तीच! वाचक घाबरतो तो त्यामुळे.

आता आपल्याकडे या. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे हेमलॉक, बेलाडोना, फॉक्सग्लोव्ह ही नावं मला तोंडपाठ, पण यातलं एकही झाड मी पाहिलेलं नाही. आणि ज्या स्ट्रिक्निनने मी इंग्रजीत दचकले होते, ते काजऱ्याच्या बियांत असतं आणि काजरा कोकणात उगवतो, हे मला कॉलेजला आल्यावर कळलं. कोकणातल्या एका मैत्रिणीची आजी कडू औषधाला ‘काजरा’ म्हणते. आजीला जे ठाऊक होतं ते मी इंग्लंडवरून इम्पोर्ट करत होते!

आणि नुसता काजराच कशाला? धोत्रा घ्या. महाशिवरात्रीला शंकराला वाहतो तोच. एकोणिसाव्या शतकात वाटसरूंना गुंगवून लुटण्यासाठी त्याचा वापर व्हायचा. धोत्र्याची बाधा झालेल्या माणसाचं तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, तो घरच्यांना ओळखत नाही, हवेत नसलेल्या वस्तू पकडू बघतो. आणि गंमत म्हणजे, काही कीटकनाशकांची बाधा झालेल्या शेतकऱ्याला दवाखान्यात ज्या ॲट्रोपिनचं इंजेक्शन देतात, ते ॲट्रोपिन धोत्र्यातही असतं. एकच द्रव्य एकीकडे मारतं, एकीकडे तारतं. सोनाराच्या तराजूतली लाल-काळी गुंज घ्या. ९६ गुंजांचा एक तोळा व्हायचा. पिढ्यान्‌पिढ्या सोनं जिने तोललं ती बी जहाल विषारी आहे. किंवा पावसाळ्यात सह्याद्रीत ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी. तिच्यातलं कोल्चिसिन गाउट नावाच्या सांधेदुखीवर औषध म्हणून देतात, आणि तिचं नाव आपण भांडणं लावणाऱ्या माणसाला देतो. एवढं सगळं दारात असताना आपल्या खलनायकाला परदेशी बाटली कशाला हवी?

पण अभ्यासाचा खरा फायदा नावांत नाही, वेळेत आहे. अशा विषबाधेत माणूस सिनेमासारखा अर्ध्या मिनिटात मरत नाही. बऱ्याचदा तास जातात. आणि या तासांतच तर खरी गोष्ट असते! उलट्या सुरू झाल्यावर घाबरून खरं सांगून टाकणारा माणूस, रात्री दोनला रिक्षा शोधणारा रूममेट, ‘काय खाल्लंय ते आधी सांगा’ म्हणून ओरडणारा सरकारी दवाखान्यातला तरुण डॉक्टर, अब्रूच्या भीतीने खोटं बोलणारे वडील. आणि एवढं करून माणूस वाचलाच नाही, तर ‘व्हिसेरा राखून ठेवला आहे’ ही बातमी आणि त्या रिपोर्टची वाट बघत बसलेलं घर. अर्ध्या मिनिटात मारलं की हे सगळं आपण फुकट घालवतो. ज्यांना खरंच लिहायचंय त्यांनी जयसिंग मोदींचं न्यायवैद्यकावरचं जुनं पुस्तक चाळावं. १९२० साली ते पहिल्यांदा निघालं आणि अजून वाचलं जातं. त्यात धोत्राही आहे, काजराही आहे. झोप मात्र उडेल.

आता दुसरा भाग, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

१९८० साली श्रीलंकेत जाफना भागात दोन शाळकरी मुलींनी एका झाडाच्या बिया खाऊन जीव दिला. वर्तमानपत्रांनी बातमी गाजवली, झाडाच्या नावासकट. मी ते नाव मुद्दाम लिहीत नाही. ते झाड तिथे आधीपासून दारोदारी होतं, पण असं कुणी करत असल्याचं जवळपास ऐकिवात नव्हतं. बातमीनंतर मात्र दवाखान्यात तसे रुग्ण येऊ लागले आणि पुढच्या काळात देशभर हा आकडा हजारांत गेला. डॉक्टरांनी वाचलेल्यांशी बोलून पाहिलं तेव्हा कळलं की त्यांतल्या कितीतरी जणांना मरायचं नव्हतंच! घरात भांडण झालं, राग आला, परीक्षेचं काही झालं, आणि हाताशी एक ‘माहिती’ होती. झाड तेच, माणसं तीच. बदलली होती फक्त गोष्ट.

याच्या उलट एक प्रसंग. १९७७ साली कतारहून एका लहान मुलीला लंडनच्या हॉस्पिटलात आणलं होतं. आजार काय ते डॉक्टरांना कळेना. तिथली एक नर्स नेमकी ख्रिस्तीची ‘द पेल हॉर्स’ वाचत होती. १९६१ च्या या कादंबरीत थॅलियम नावाच्या धातूची विषबाधा आहे, त्यात माणसांचे केस गळतात. मुलीचेही केस गळत होते. नर्सने शंका बोलून दाखवली, तपासणी झाली, थॅलियमच निघालं आणि मुलगी बरी झाली. विष झाडाचं नव्हतं, पण धडा तोच.

दोन्ही ठिकाणी लोकांनी विषाबद्दल वाचलंच होतं. एकीकडे वाचणाऱ्याच्या हातात कृती पडली, दुसरीकडे लक्षणं. कृतीने माणसं गेली, लक्षणांनी मूल वाचलं. म्हणून माझा साधा नियम: लक्षणं लिहा, कृती लिहू नका. झाड कसं दिसतं, बाधा झालेला माणूस कसा तळमळतो, डॉक्टर काय धावपळ करतात हे भरपूर लिहा. किती आणि कसं, हे गाळा. डोस दिला नाही म्हणून कुणी रहस्यकथा अर्धवट टाकल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

यावर आमच्या विंगमधला ठरलेला प्रश्न असतो, ‘अगं, नेटवर सगळं मिळतं, तू लपवून काय होणार?’ मिळतं, मान्य. पण शोधणाऱ्याला मिळणं वेगळं, आणि के.टी. लागल्याच्या रात्री एकट्या बसलेल्या कुणाच्या हातात आपण एका देखण्या, दुःखी नायकाबरोबर ते ठेवणं वेगळं. गोष्टीतला मृत्यू फार सुंदर असतो हो! एक फूल, एक चिठ्ठी, खिडकीतून चंद्र. खऱ्यात असतात तासन्‌तासाच्या उलट्या, हुकणारे हृदयाचे ठोके आणि ‘वाचवा’ म्हणून धरलेला नर्सचा हात. लेखकाने अभ्यास केला असेल तर त्याला तो चंद्र दाखवायची लाज वाटेल.

तेव्हा पुढच्या अंकासाठी रहस्यकथा लिहिणाऱ्यांना एकच विनंती. काकांना विष द्यायचंच असेल तर खुशाल द्या, झाडही आपल्या मातीतलं घ्या. पण त्यांना अर्ध्या मिनिटात मारू नका. थोडा वेळ द्या. कुणीतरी दार ठोठावेल, कुणीतरी रिक्षा आणेल. कदाचित काका वाचतीलही, आणि मग खुन्याचं पूर्ण नाव तरी कळेल!