अलक्ष्मी जाते कोठे?

आज लक्ष्मीपूजन. आश्विन अमावास्येच्या या सायंकाळी घरोघर चौरंग मांडला जाईल, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखविला जाईल आणि नवी केरसुणी लक्ष्मीचे रूप मानून हळदकुंकवाने पूजिली जाईल. निर्णयग्रंथांत याच रात्रीचा आणखी एक विधी सांगितला आहे. मध्यरात्रीच्या सुमारास गृहिणींनी सुपे व डिंडिम वाजवीत आपल्या अंगणातून अलक्ष्मीला घालवून द्यावे, असा तो विधी. एरवी रात्री केर काढणे आपल्याकडे निषिद्ध. परंतु या एका रात्री पुष्कळ घरांतून केर काढून तो दाराबाहेर नेला जातो, तो यासाठीच.

विधी अंगणाच्या कडेशी संपतो. तेथून पुढचा प्रश्न मात्र आज विचारल्यावाचून गत्यंतर नाही. अंगणाबाहेर घालविलेली अलक्ष्मी जाते कोठे?

पुण्याहून आळंदीस जाणाऱ्या वाटेवरच्या दिघीचे उदाहरण घेऊ. माउलींची पालखी पंढरीस निघाली की याच गावावरून जाते. जुन्या दिघीत या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. शेण, राख, पालापाचोळा उकिरड्यावर जाई, खरकटे जनावरांच्या मुखी जाई आणि पावसाळ्याच्या तोंडावर उकिरड्याचे खत शेतात पडे. दिवाळीत गोठ्यात, तुळशीपाशी पणती लावताना आपली वडीलधारी मंडळी उकिरड्यावरही एक पणती ठेवीत. नव्या पिढीला याचे हसू येते. पण त्यामागील जाणीव मोठी होती. उकिरडा ही अलक्ष्मीची जागा नव्हती. पुढच्या हंगामाची लक्ष्मी तेथे घडत होती.

पुढे काळ पालटला. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली आणि १९९७ साली आसपासच्या अनेक गावांबरोबर दिघीचाही तिच्यात समावेश झाला. शेजारच्या भोसरीच्या कारखानदारीने हातांना काम दिले, कामामागून माणसे आली, माणसांमागून चाळी आणि इमारती आल्या. शेत गेले, तसा उकिरडाही गेला. केराची जातही बदलली. प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्मोकोल, बॅटरीचे सेल, फुटलेल्या नळ्या, औषधांची वेष्टने, लहानग्यांचे डायपर! मातीने ज्याचा स्वीकार करावा असे यांत काहीच नाही.

म्हणून आता दारी घंटागाडी येते आणि आपली अलक्ष्मी मोशीस जाते. मोशीचा ८१ एकरांचा कचराडेपो गेली तीन दशके या साऱ्या शहराचा केर पोटात घेत आहे. रोज हजार टनांहून अधिक कचरा या शहरात निर्माण होतो. ओल्या कचऱ्याचे खत करण्याची व्यवस्था तेथे आहे. सुक्या कचऱ्यापासून वीज निर्माण करणारा १४ मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. दररोज सुमारे ७०० टन सुका कचरा वापरण्याची त्याची योजना आहे. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत पिंपरी-चिंचवड देशात सातवे आणि राज्यात पहिले आले. जे चांगले झाले त्याला चांगले म्हणावे. कौतुकात कृपणता नको.

तथापि ही सारी यंत्रे ज्या एका गोष्टीवर उभी आहेत, ती मोशीत घडत नाही. ती आपल्या ओट्यापाशी, एका क्षणात घडते. भाजीचे देठ आणि दुधाची पिशवी एकाच डब्यात पडली, की पुढची सगळी वाट बिघडते. ओल्याने भिजलेला कागद पुन्हा कागद होण्यास निकामी ठरतो. ओला केर भट्टीत गेला तर बरीच उष्णता पाणी आटविण्यातच खर्ची पडते. प्लॅस्टिकचे तुकडे आणि काचा मिसळलेले खत शेतकरी शेतात टाकीत नाही. आणि मिश्र कचऱ्याचा ढीग तसाच पडून राहिला, तर त्यातून काळे पाणी झिरपते, आत ज्वालाग्राही वायू साठतो आणि उन्हाळ्यात आगी लागतात. मोशीकरांनी हे सारे भोगले आहे. त्यांच्या अंगणात जी अलक्ष्मी पोहोचली, ती आपण आपल्या अंगणातून घालविलेली होती.

‘विवेक’ हा शब्द आपण नित्य वापरतो. संस्कृतात त्याचा धातू ‘विच्’, म्हणजे वेगळे करणे, निवडणे. सार आणि असार, नित्य आणि अनित्य यांची निवड करणे म्हणजे विवेक. कीर्तनाच्या पूर्वरंगात तासभर या विवेकाचे निरूपण ऐकावे आणि घरी येऊन ओले-सुके एकत्र कोंबावे, यात कोठेतरी विसंगती आहे. २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करण्याचे बंधन नागरिकांवर घातले. आपल्या तत्त्वज्ञानाचा हा पहिला धडा सरकारला नियम करून शिकवावा लागला!

येथे सोवळ्याचा विचार अटळ होतो. पतंजलींनी नियमांत पहिले स्थान शौचाला दिले आणि भाष्यकारांनी त्याचे बाह्य व आभ्यंतर असे दोन भेद सांगितले. आपण मात्र शौचाची सीमा उंबरठ्यापाशी आखली. आत सोवळे, बाहेर काहीही. ज्यांच्या हातांनी आपली घाण उपसली, त्यांनाच आपण अपवित्र ठरविले. हा आपल्या समाजाचा जुना अपराध आहे आणि धर्माच्या पानावर तो स्पष्ट शब्दांत कबूल केला पाहिजे. आजही मिश्र कचऱ्यात हात घालून काच, पत्रा, कागद निवडणाऱ्या बहुसंख्य भगिनी त्याच उपेक्षित समाजांतील आहेत. पुणे व पिंपरी-चिंचवडमधील या कष्टकऱ्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ साली बाबा आढाव आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका करावा, एवढीच एक मागणी या भगिनींनी घरोघर केली. न मागता द्यावयाचे, ते त्यांना मागावे लागले.

आम्हा कीर्तनकारांचे एक थोर पूर्वज संत गाडगेबाबा दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तनास उभे राहत. त्यांनी दोन्ही कामांत भेद मानला नाही. केरसुणीची पूजा त्यांना कळली होती, ती अशी.

पालिकेचेही कर्तव्य आहेच. घरात वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एक होतो, ही तक्रार अनेक शहरांत ऐकू येते. जेथे ती खरी असेल, तेथे नागरिकाच्या निष्ठेचा तो भंग आहे आणि त्याचा जाब विचारलाच पाहिजे. दिवसाला १०० किलोंहून अधिक कचरा निघणाऱ्या मोठ्या संकुलांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा, या अपेक्षेवरून कुरबुर झाली. २०२३ साली मिळकतकराच्या देयकात कचऱ्याचे उपयोगकर्ता शुल्क आले, तेव्हा मोठा विरोध झाला. कोणी किती द्यावे हा वाद रास्त असेल. परंतु एकदा मिसळलेले कोणत्याही शुल्काने सुटे होत नाही. उलट, निवड नीट झाली तर काय होते, हे कोकणातील वेंगुर्ले नगरपरिषदेने दाखविले आहे. तेथे कचरा वीसहून अधिक प्रकारांत वेगळा केला जाऊ लागला आणि जेथे पूर्वी नाक धरून जावे लागे, त्या डेपोच्या जागी पर्यटक येऊ लागले.

महिन्याच्या आत आळंदीस कार्तिकी भरेल. लाखो वारकरी इंद्रायणीत उतरतील. तिच्या पाण्यावर अलीकडे पांढरा फेस तरंगताना दिसतो. तो मुख्यतः सांडपाण्याचा आणि रसायनांचा, आणि तो थांबविणे शासनाचे काम. पण प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून पुलावरून भिरकावलेले निर्माल्य आपलेच असते. जलात घाण करू नये, थुंकूही नये, अशी आज्ञा तैत्तिरीय आरण्यकाने दिली आहे. फुले मातीला द्यावीत, कुंडीत जिरवावीत. त्यात देवाचा अवमान नाही.

तेव्हा आज रात्री अलक्ष्मी जरूर घालवावी. पण तिला वाट दाखवून घालवावी. फराळाचे खरकटे आणि निर्माल्य एका डब्यात, मिठाईचे खोके आणि कागद दुसऱ्यात, जुने सेल व औषधे तिसऱ्यात. फटाक्यांचा केर सकाळी स्वतः गोळा करावा. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर तसे लिहावे. पाडव्याच्या दिवशी घंटागाडीवरील माणसाला ओवाळणी देता आली तर उत्तमच, परंतु त्याचा हात कापणार नाही असा डबा देणे ही त्याहून मोठी ओवाळणी.

आणि एक पणती त्या डब्यांपाशीही लावावी. आजोबा उकिरड्यावर लावीत, तशी.

सर्व वाचकांस दीपावलीचे शुभचिंतन.