अंगावांचून अलंकार

गेल्या अंकांत आम्हीं उन्हाळी वाळवणांविषयीं लिहिलें, त्यावर कांहीं भगिनींचीं पत्रें आलीं. त्यांतील एका पत्रांत वाळवणाशीं मुळींच संबंध नसलेला प्रश्न होता. घरची सून मोत्यांचे दागिने करून इंटरनेटवर विकते. दागिना घालून दाखवावयास कोणी नाहीं आणि दुकानांतल्यासारखा पुतळा ठेवावयास जागा नाहीं. तर छायाचित्र काढावें कसें? पत्र वाचून आम्हांस प्रथम हसूं आलें आणि मग थोडें ओशाळल्यासारखें झालें. कारण याच प्रश्नापायीं आमच्या घरांत जें रामायण घडलें, तें वाचकांपासून झांकून ठेवण्याचाच आमचा विचार होता.

आमच्या धाकट्या चिरंजीवांची नोकरी २०२० सालच्या टाळेबंदींत गेली. नवी मिळाली, पण वेतन पूर्वीच्या निम्म्यावर आलें. तेव्हां धाकट्या सूनबाईंनीं माहेरीं शिकलेली ओंवणकला बाहेर काढिली. नथ, चिंचपेटी, तन्मणी, कुड्या, खणाचे बटवे असा माल ती करूं लागली. सोनें नाहीं, पितळेवर मुलामा, मोतीही कृत्रिम, आणि हें ती वर्णनाच्या पहिल्याच ओळींत लिहिते. नातवाच्या शाळेचें शुल्क आज त्या ओंवण्यांतून निघतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें, म्हणजे पुढील प्रकार आम्हांस एवढा कां झोंबला तें कळेल.

दागिना कोणी घालून दाखवावा, यावर पहिला वाद झाला. थोरली नात अकरावींत आहे. तिची मान सुरेख आहे असें धाकटीचें म्हणणें. थोरल्या सूनबाईंनीं स्वच्छ नकार दिला. मुलीचा चेहरा अनोळखी लोकांच्या फोनांत फिरावा हें त्यांस पटेना, आणि आम्हांसही पटलें नाहीं. वाद वाढणार तोंच आमच्या कुटुंबानें स्वयंपाकघरांतून विचारलें, "दुसरीच्या नाकांत जाऊन आलेली नथ तुम्ही कोणी विकत घ्याल का?" यावर कोणासही उत्तर सुचलें नाहीं व वाद तेथेंच मिटला.

आम्हांस त्या वेळीं किष्किंधाकांड आठवलें. सीतामाईनें आपले अलंकार उत्तरीयांत बांधून पर्वतावर बसलेल्या वानरांमध्यें टाकिले होते. सुग्रीवानें ते पुढें आणून ठेविले, तेव्हां लक्ष्मणास केयूर ओळखतां आले नाहींत, कुंडलें ओळखतां आलीं नाहींत. नूपुर मात्र त्यानें तत्काळ ओळखिले, कारण नित्य चरणवंदन करितांना ते त्याच्या दृष्टीस पडत. अंग जवळ नसतां, नुसत्या वस्त्रावर मांडलेला अलंकार खरा तोच आहे असें पाहणाऱ्यास पटणें, हीच या कामांतील सारी कसोटी होय. आम्हीं हें सूनबाईंस मोठ्या थाटानें सांगितलें. ती म्हणाली, "मामंजी, मग तुम्हीच काढा ना चित्रें." आणि आम्ही फशीं पडलों.

आम्हीं पहिली नथ एका सायंकाळीं देवघरापुढें, तांबड्या मखमलीवर ठेवून, पिंवळ्या दिव्याखालीं टिपली. फोन नथेपासून चार बोटांवर धरिला होता. चित्र असें कांहीं उतरलें कीं, आम्हीं तें शेजाऱ्यांस नेऊन दाखविलें. पंधरा दिवसांत एका भगिनींनीं कन्येच्या मंगळागौरीसाठीं ती मागविली आणि मंगळागौरीच्या दोन दिवस आधीं परत पाठविली. सोबत चिठ्ठी होती: चित्रांत पाहिली ती नथ ही नव्हे, चित्रांतील मोठी होती व तिचे मोती सायीच्या रंगाचे होते, ही बारीक आहे व मोती खडूसारखे पांढरे आहेत, ब्राह्मणाच्या घरून अशी फसवणूक होईल असें वाटलें नव्हतें. सूनबाईंनीं टपालखर्चासकट पैसे त्याच दिवशीं परत केले. तिनें आम्हांस एका शब्दानें बोल लाविला नाहीं. त्या रात्रीं ती नेहमींप्रमाणें ओंवावयास बसली नाहीं, एवढेंच आम्हीं पाहिलें.

ती बाई खोटें बोलत नव्हती. दोष नथेंत नव्हता, आमच्या चित्रांत होता. पिंवळ्या दिव्यानें पांढऱ्या मोत्यास साय चढविली. आकाराचा घोटाळा दुहेरी झाला. एक तर चित्रांत नथेशेजारीं तुलनेस कांहींच नव्हतें, त्यामुळें ती ताटाएवढी म्हटली तरी चालली असती. दुसरें असें कीं, फोनचें नेहमींचें भिंग विस्तृत दृष्टीचें असतें. तें फार जवळ नेलें म्हणजे पुढचा भाग फुगतो व मागचा आक्रसतो. आमच्या चित्रांत पुढचा मोत्यांचा घोस टपोरा झाला होता आणि मागची तार केसासारखी दिसत होती. कांहीं फोन तर वस्तु जवळ येतांच आपण होऊन अधिकच विस्तृत भिंगावर जातात. यावर उपाय सोपा आहे: हात-दीड हात मागें सरावें व दोनपट मोठें करून टिपावें.

मग आम्ही शाळेंतल्यासारखे पुन्हां पहिलीपासून शिकावयास बसलों. उत्तरेकडील खिडकी निवडली; तेथें ऊन थेट येत नाहीं. इतर खिडक्यांवर जुनें धुवट धोतर ताणून बांधावें म्हणजे उन्हाची धार मरते. खोलींतील सगळे दिवे मालवावे. खिडकीचा उजेड व दिव्याचा उजेड एकत्र आले कीं वस्तूची एक बाजू निळसर व दुसरी पिंवळी होते, आणि फोनास कोणती खरी मानावी तें कळत नाहीं. खिडकीच्या समोरच्या अंगास पांढरा पुठ्ठा उभा केला म्हणजे तो सावलींत उजेड परतवितो. एवढ्यावर खणाचे बटवे उत्तम निघूं लागले. बटव्यांत मात्र जुनीं वर्तमानपत्रें कोंबावीं लागतात, नाहींतर तो उपाशी दिसतो. आणि त्याचा बंद बारीक दोऱ्यानें वर टांगून धरावा.

मोत्यांनीं अधिक त्रास दिला. पांढऱ्या कागदावर ठेविले तर कागद करडा उतरे, कारण दिसेल त्यास मध्यम छटेवर आणून ठेवावें अशी फोनच्या मोजमापाची रीत असते. प्रकाश वाढवून कागद पांढरा करावा तर मोत्यांच्या कडा त्यांत विरघळून जात. आमच्या कपाटांत शाळेच्या दिवसांपासून एक दगडी पाटी पडून होती. सहज तिच्यावर नथ ठेविली, आणि प्रत्येक मोती वेगळा मोजतां यावा असा उठून दिसला. पाटी काळसर, पण चकाकी नाहीं. मखमलीसारखे तंतूही चिकटत नाहींत. चाळीस वर्षें ज्या पाटीवर मुलांचे शब्द चालविले, तिच्यावर आतां आम्ही दागिने मांडतों. ॲमेझॉनसारख्या मोठ्या बाजाराचा मात्र दंडक असा कीं, पहिलें चित्र शुद्ध पांढऱ्या भूमीवरच असावें व वस्तूनें चौकटीचा निदान ८५ टक्के भाग व्यापावा. म्हणून सूनबाई तेथें देण्यासाठीं पांढऱ्यावर एक निराळें चित्र काढिते.

मुलाम्याची वस्तु म्हणजे लहानसा आरसाच. ठुशीच्या एकेका मण्यांत आमची तांबडी शाल, डोक्यावरचा पंखा व दारांत उभा नातू, सर्व हजर! तेव्हां वस्तूभोंवतीं पांढऱ्या कागदाची भिंत करून तिला भिंगापुरतें भोंक ठेविलें. आतां सगळें पांढरें झालें आणि मण्यांची गोलाई हरपली. मग एका बाजूस काळ्या कागदाची बोटभर पट्टी उभी करतांच मण्यांना कड आली. हा शोध आमच्या नातवाचा. आम्हीं तो आपला म्हणून सांगण्याचा मोह आवरला आहे.

पुतळ्याचें काम घरच्याच वस्तूंनीं भागतें. नथेच्या पाठीस मोहरीएवढें मेण लाविलें कीं ती पाटीवर उभी रहाते. कुड्या पुठ्ठ्यास टोंचाव्या. चिंचपेटीसाठीं पुठ्ठा गळ्याच्या बांकाचा कापून, वर सुती कापड ताणून, मागें टेंकू द्यावा. मात्र दागिना अंगावर कोठें येईल हें पुठ्ठ्यावरून कळत नाहीं. त्यासाठीं दोरीसकट व दोरीवांचून अशी लांबी इंचांत लिहावी, आणि एक चित्र मोजपट्टीसकट असावेंच. बारीक वस्तूंशेजारीं आम्ही दहा रुपयांचें नाणें ठेवितों. तें २७ मिलिमीटर व्यासाचें असतें व घरोघरीं सांपडतें.

पुण्यांतील आमच्या एका भाच्यानें या सर्वांवर पाणी ओतण्याचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "मामा, कशाला हा खटाटोप? नथेचें एक चित्र द्या, कृत्रिम बुद्धिमत्ता ती एखाद्या सुंदरीच्या नाकांत घालून देईल." त्यानें करूनही दाखविलें. सुंदरी खरोखर सुंदर होती. पण नथेंत दोन मोती जास्त आले होते व ती हनुवटीपर्यंत उतरली होती. मंगळागौरीची चिठ्ठी आम्हीं त्याच्यापुढें ठेविली. २०२० सालच्या ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियमांप्रमाणेंही विक्रेत्याचें वर्णन व चित्र प्रत्यक्ष वस्तूशीं जुळावें लागतें. आणि ही कल्पना आजची नव्हे. इंग्लंडांतील टॅल्बट यांनीं १८४४ पासून छापलेल्या आपल्या छायाचित्रांच्या ग्रंथांत फळ्यांवर मांडलेल्या चिनी मातीच्या भांड्यांचें एक चित्र दिलें आहे. भांडीं चोरीस गेलीं तर असें चित्र न्यायासनापुढें मूक साक्ष देऊं शकेल, असें त्यांनीं त्याखालीं सुचविलें होतें. साक्षीदारानें दोन मोती वाढवून सांगूं नयेत, एवढेंच आमचें भाच्यास म्हणणें पडलें. तो जेवून गेला, पटून गेला कीं नाहीं तें ठाऊक नाहीं.

त्या भगिनींस आम्हीं स्वतःच्या हातानें पत्र लिहिलें. चूक सुनेची नसून आमची आहे, असें कळविलें व पाटीवर काढलेलें नवें चित्र सोबत धाडिलें. उत्तर आलें नाहीं. परत आलेली नथ आमच्या कुटुंबानें मूल्य देऊन विकत घेतली आणि ती संक्रांतीस घातली.

नव्या चित्रांवर मागणी हळूहळू येत आहे. परवां एका बाईंनीं सूनबाईंस विचारलें कीं, नथेसोबत तें दहा रुपयांचें नाणेंही मिळतें काय. सूनबाईंनीं "नाहीं" म्हणून कळविलें. आतां चित्राखालीं तशी एक ओळ आम्हीं घालविली आहे.