आलेख आकड्यांबरोबर वाढावा
चेन्नईस पाणी पुरविणाऱ्या पूंडी, चोळावरम, पुळल व चेंबरंबाक्कम या तलावांतील साठ्याचे आकडे रोज प्रसिद्ध होतात. २०१९ च्या जूनमध्ये हे तलाव जवळजवळ आटले होते. २०२० मध्ये कण्णनकोट्टै-तेरवाय कंडिगै हा नवा जलाशय त्यांच्या जोडीस आला. अशा आकड्यांचा आलेख ठरावीक ओळींनाच बांधला, तर नव्या नोंदी होऊनही रेषा जुन्याच दिवशी थांबते, आणि पाहणाऱ्यास त्याची शंकाही येत नाही. म्हणून एक्सेलमध्ये आरंभीच मूळ आकड्यांचे ‘टेबल’ करून त्यावरून आलेख काढावा. खाली नवी ओळ लिहिताच तो आपोआप विस्तारतो. नव्या जलाशयाचा स्तंभ मात्र आलेखात आला की नाही, हे स्वतः पडताळावे. शिळ्या चित्रावरून पाण्याचे नियोजन करणे शहरास परवडणारे नाही.