वाच्यार्थापाशी थांबणारा माणूस

अभिधा, लक्षणा, व्यंजना या शब्दशक्ती आपण काव्याच्या संदर्भात अभ्यासल्या. तुमच्यापैकी जे पालघर-बोईसरहून तारापूरच्या कारखान्यांत पाळी सांभाळून शिकतात, त्यांनी त्या तिथेही पडताळून पाहाव्यात. उशिरा आलेल्या कामगाराला पर्यवेक्षक म्हणतो, “या साहेब, फारच लवकर आलात!” टोमणा सर्वांना कळतो, छिन्नमनस्कता असलेल्या एखाद्या सहकाऱ्याच्या हाती मात्र केवळ वाच्यार्थ लागतो. आवाजातील धार, चेहऱ्यावरील नाराजी, बोलणाऱ्याचा हेतू ओळखणे या आजारात अनेकांना अवघड जाते. औषधांनी भास आणि भ्रम ओसरले, तरी ही अडचण पुष्कळदा मागे उरते. घरचे तिला ‘माज’ म्हणतात. ‘वेडा’ या शब्दापेक्षाही मला हा शब्द अधिक क्रूर वाटतो, कारण तो आजारालाच स्वभाव ठरवतो. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधावा, हे आपल्याला पटते. बोलण्यातही तशीच सोय करता येते, हे मात्र सुचत नाही. “तू उशिरा आलास, त्याचा मला राग आला आहे. उद्या सात वाजता ये,” एवढे सरळ बोलणे पुरते.