उतरणे आणि थांबणे

कोल्हापूर जिल्ह्यातील हसूर गावचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी जर्मनीतील गटिंगेन येथे प्रा. लुडविग प्रांट्ल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि पुढे ते भारतीय विमानरचनेचे अध्वर्यू ठरले. बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात त्यांनी रचलेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये झेपावले. १९५८ मध्ये दोन आसनी ‘पुष्पक’ आले. देशातील फ्लाइंग क्लबांतून कित्येक वैमानिक पुष्पकवर घडले. या दोन्ही विमानांचे तिसरे चाक नाकाखाली नसून शेपटीखाली होते आणि त्यांची खरी परीक्षा जमिनीवर येताना होत असे.

याचे कारण साध्या हातगाडीवरून उमजते. पुढून ओढलेली हातगाडी सरळ चालते. मागून ढकलली की आडवी वळू पाहते. शेपटीखाली चाक असलेल्या विमानाचा भार मुख्य चाकांच्या मागे असतो. विमान किंचित तिरके झाले, की मागचा भार पुढे येऊ पाहतो आणि विमान जागीच गिरकी घेते. पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा आधारदांडा मोडतो.

उतरण्याच्या पद्धती दोन. पहिलीत धावपट्टीच्या अगदी जवळ येऊन वेग हळूहळू कमी करीत, नाक उचलून तिन्ही चाके एकदम टेकवितात. वेग कमी असल्याने धाव थोडी लागते. मात्र उंचावलेल्या नाकामुळे समोरचे दिसत नाही, नजर दोन्ही कडांवर ठेवावी लागते. दुसरीत किंचित अधिक वेगाने केवळ मुख्य चाके टेकवून शेपटी काही काळ वर धरतात. झोताच्या वाऱ्यात ही पद्धत अनेकांना सोयीची वाटते; पण चाके जोराने आदळली तर शेपटी खाली जाते, पंखांची उचल वाढते आणि विमान पुन्हा उसळते. अशा वेळी हट्टाने दाबून बसविण्यापेक्षा इंजिनाला जोर देऊन पुन्हा एक फेरी घेणे शहाणपणाचे. वारा आडवा असेल, तर वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवून विरुद्ध बाजूच्या रडरने दिशा सरळ राखतात.

पद्धत कोणतीही असो, वैमानिकाचे पाय शेवटपर्यंत रडरवर जागे असतात. वेग जसा ओसरतो तसे रडर दुबळे होत जाते. म्हणूनच अखेरचे काही क्षण फसवे.

आपल्या जुन्या पेढ्यांवर माल रवाना झाला, बिल फाडले, म्हणून सौदा पुरा झाला असे कोणी मानीत नसे. वसुली जमा होऊन खतावणी जुळली, की मगच वही मिटत असे. वैमानिकही चाके टेकली म्हणून निश्चिंत होत नाही; विमान पूर्ण थांबल्यावरच तो पाय सैल सोडतो.