जुन्या गाडीची बत्ती

शेतकरी बंधूंनो, माल उतरवून रात्री क्रांती चौकातून गावाकडे निघालात, की चौकातल्या झगमगाटात आपल्या जुन्या जीपची बत्ती मिणमिणती आहे हे कळतच नाही. शहर मागे पडते आणि पुढची बिनदिव्याची बैलगाडी अगदी अंगावर आल्यावर दिसते. म्हणून हे काम सुगीआधीच उरका.

बॅटरीची वायर काढून कामाला लागा. अर्थिंगची गंजलेली जागा पॉलिश कागदाने घासून नट आवळा; पुष्कळदा गेलेला उजेड इथेच परत मिळतो. रिफ्लेक्टरची चकाकी फडक्याने घासू नका, ती निघते. काळवंडला असेल तर बदलाच.

सात इंची गोल सीलबंद दिव्याच्या जागी एच-फोर हॅलोजनचा दिवा बसतो. 12 व्होल्टवर 60 वॉटचा बल्ब 5 अँपिअर ओढतो, दोन मिळून 10. जुना स्विच त्याने तापतो. मध्ये रिले आणि फ्यूज घाला.

शेवटी सपाट जागी, भिंतीपासून 25 फुटांवर गाडी उभी करून डिपरचा झोत दिव्याच्या उंचीहून थोडा खाली आणा. मागे ओझे असले की झोत वर चढतो, हे ध्यानात ठेवा. समोरून येणाराही कुणाच्या तरी घरचा कर्ता असतो. त्याचे डोळे दिपू नयेत.