शिरस्त्राणाची कडी आधी बघा

शिरस्त्राण बघायला आलेला माणूस आधी पत्र्यावर टिचकी मारतो. जाडी विचारतो, पॉलिश न्याहाळतो, तोंडावरची झडप दोन-तीनदा वरखाली करतो. ती झडप बंद कशाच्या जोरावर राहते, हे विचारणारा क्वचितच भेटतो. टूलरूममध्ये फिटर म्हणून माझी हयात गेली आणि आता मी मध्ययुगीन युरोपीय धाटणीच्या शिरस्त्राणांचे आकडे, चाप आणि खिळी बनवतो. लढायला म्हणून विकल्या जाणाऱ्या शिरस्त्राणाची पारख तिथूनच सुरू व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री मार्च 1524 मध्ये नवंकोरं चिलखत घालून भाल्यांच्या द्वंद्वात उतरला. समोर त्याचा मित्र चार्ल्स ब्रँडन. हेन्रीची झडप उघडीच राहिली होती. लोक ओरडले, पण ब्रँडनला ना दिसलं, ना ऐकू आलं. भाला कपाळाजवळ फुटला आणि ढलप्या शिरस्त्राणात भरल्या. हेन्री वाचला. फ्रान्सचा दुसरा हेन्री मात्र वाचला नाही. 30 जून 1559 रोजी तुटलेल्या भाल्याची ढलपी झडपेतून डोळ्यात शिरली आणि दहा दिवसांनी तो गेला. राजांच्या अंगावर त्या काळातलं उत्तम पोलाद होतं. भाला चेहऱ्यापर्यंत पोचला तो झडपेच्या वाटेने.

सोळाव्या शतकातल्या ‘क्लोज हेल्मेट’मध्ये झडप आणि हनुवटीचा पत्रा कानशिलाजवळच्या एकाच खिळीवर फिरतात. गळ्याशी पत्रे जोडणारा आकडा बहुधा उजवीकडे असतो, कारण द्वंद्वात प्रतिस्पर्धी डावीकडून येतो आणि मार डाव्या बाजूला बसतो. आजच्या नकलांमध्ये तो आकडा दिसायला हुबेहूब असतो, पण बोटाने वाकतो.

झडप बंद ठेवणाऱ्या चापाचं काम घाईचं नाही. साधारण 1 मिलिमीटर जाडीची स्प्रिंग स्टीलची पट्टी लाल तापवून तेलात बुडवायची, मग घासून चकचकीत करून पुन्हा हळूहळू तापवायची. 300 अंशांच्या आसपास तिच्यावर निळा रंग चढतो, तिथेच थांबायचं. नुसतं कडक पोलाद पहिल्या फटक्यात तडकतं, आणि रंग करडा होऊ दिला तर पट्टी नरम पडते. पट्टीला एकच रिव्हेट मारला तर ती फिरते, म्हणून दोन. पट्टीवरच्या खिळीची एक बाजू कानशीने उतरती करायची, म्हणजे झडप खाली ढकलली की खीळ आपोआप बसते. दुसरी बाजू काटकोनात ठेवायची, म्हणजे धक्क्याने ती निसटत नाही. खीळ ज्यात बसते ते समोरच्या पत्र्यातलं भोक सगळ्यात शेवटी. आत अस्तर बसवून, घालणाऱ्याच्या डोक्यावर चढवून पत्रे कुठे येऊन थांबतात तिथे खूण करायची, मग उतरवून ड्रिल चालवायचं. अस्तराआधी पाडलेलं भोक हमखास हुकतं.

घट्ट बसणं ही निम्मी गोष्ट. घालणाऱ्याला स्वतःची कडी दिसत नाही आणि हातात लोखंडी मोजे असतात. तो चक्कर येऊन पडला तर मदतीला धावलेल्या, ते शिरस्त्राण कधीच न पाहिलेल्या माणसाला चाप सापडला पाहिजे. म्हणून मी बटण बाहेर ठळक ठेवतो. नकलेपुरतं ते थोडं बेढब दिसतं. दिसू दे.

देहरादूनमध्ये बनलेली अशी चिलखतं जगभर जातात. काही संग्रहात मांडली जातात, काही अंगावर चढतात. 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘बॅटल ऑफ द नेशन्स’सारख्या स्पर्धांत माणसं बोथट पोलादाने एकमेकांवर खरेखुरे घाव घालतात. तिथे शोभेचा आकडा जाणं मला मान्य नाही. पत्रा ठोकणाऱ्याला मजुरी मिळते. कडी मात्र ‘फुटकळ सामान’ म्हणून हिशेबात धरली जाते, आणि मग ती फुटकळच बनते. निर्यातदारांनी चाप बसवण्याचं काम बिलात वेगळ्या ओळीत लिहावं, त्याचे वेगळे पैसे द्यावेत, आणि शोभेच्या मालावर ‘लढाईसाठी नाही’ असा ठसा आतल्या पत्र्यातच मारावा. कागदी लेबल पहिल्याच दिवशी निघून जातं. घेणाऱ्यानेही खोकं उघडल्यावर लोखंडी मोजे चढवून, डोळे मिटून झडप उघडून बघावी. अडली तर माल परत पाठवावा.